सावेडीच्या विहिरीतली सहामाही

मी आयुष्यात एकच सौदा केला, आणि आपण सौदा करतोय हे मला तो करताना कळलंसुद्धा नाही.

त्र्याहत्तर सालचा जून. मी नगरला, सावेडीतल्या एका अपंग मुलांच्या वसतिगृहात ड्रिल मास्तर होतो. तेव्हाची सावेडी म्हणजे मळे, बाभळी आणि मधूनच एखादा नवाकोरा बंगला. वय चोवीस, राग नाकावर आणि काम असं, की माझं मलाच हसू यायचं. माझ्या वर्गात वीस-बावीस मुलं, बहुतेक सगळी पोलिओ झालेली. कुणाचा एक पाय गेलेला, कुणाचे दोन्ही. त्यांना बाकांवर बसवून मी शिटी वाजवायचो आणि ‘हात वर, हात बाजूला’ म्हणून ओरडायचो. मुलं बिचारी हात वर करायची. पगाराच्या दिवशी मला कानकोंड्यासारखं व्हायचं.

त्या जूनमध्ये घोडेगावकडचा एक गुरांचा व्यापारी आपल्या मुलीला घेऊन आला. उजव्या खांद्यावर अकरा वर्षांची मुलगी, डाव्या हातात पत्र्याची ट्रंक. मुलीचे दोन्ही पाय वाळलेले. गावच्या शाळेत चौथीपर्यंत त्यानं तिला रोज अशीच खांद्यावरून नेली-आणली होती, आणि तिनं पहिला नंबर कधी सोडला नव्हता. पुढची शाळा गावापासून चार मैलांवर, म्हणून कुणीतरी त्याला आमचा पत्ता दिला होता. आला खरा, पण मुलीला खांद्यावरून खाली ठेवायला तो तयार होईना.

“हितं हिला उचलनारं कोन हाय?” तो मला म्हणाला. “घरी मी हाय.”

मी तावातावानं बोलायला लागलो. इथे तिला कॅलिपर मिळतील, म्हणजे दोन्ही बाजूंनी लोखंडी पट्ट्या लावलेले बूट. ते घालून ती स्वतः चालेल, मॅट्रिक होईल, नोकरी करेल. मी त्याला चांगली पाच मिनिटं ऐकवलं. बाजारात बैलाचे दात बघावेत तसा तो माझ्याकडे बघत होता. मग त्यानं मुलीला पायरीवर बसवलं, खांद्यावरचं उपरणं काढून माझ्या उजव्या हातावर टाकलं, त्याखाली आपला हात घातला आणि माझं एक बोट धरून दाबलं.

मला भरून आलं. वाटलं, बापाला शब्द सुचत नाहीयेत, म्हणून असा हात धरतोय. मी दोन्ही हातांनी त्याचा हात घट्ट दाबला आणि मान डोलावली. तो जरासा चमकला. मग “ठरलं,” म्हणाला, ट्रंक आत नेऊन ठेवली, मुलीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि एस.टी. गाठायला निघून गेला.

माणूस किती मोठ्या मनाचा, असं मी मनाशी म्हणतोय तोवर पायरीवरची मुलगी हसायला लागली. हसता हसता ती रडायलाच लागली.

“मास्तर, तुमी पैल्या बोलीलाच हा म्हनलात.”

कसली बोली ते मला कळेना. मग डोळे पुसत तिनं मला शिकवलं. गुरांच्या बाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. उपरण्याखाली हात घालून समोरच्याची बोटं दाबायची. एक बोट म्हणजे एक, दोन म्हणजे दोन, आणि भोवती उभ्या असलेल्या माणसांना पत्ता लागत नाही. येताना एस.टी.त तिच्या वडलांनी तिला सांगितलं होतं, की मी एक सहामाही ठेवीन म्हणेन, मास्तर जास्त मागतील, मग बघू. ते चारपर्यंत चढायच्या तयारीनं आले होते. आणि मी एकावर मान डोलावून मोकळा झालो होतो. आता दिवाळीच्या सुट्टीला ते येणार, तिला खांद्यावर घेणार आणि तिची शाळा तिथेच संपणार.

मी म्हटलं, मी पत्र लिहितो, समजावून सांगतो. तिनं मान हलवली. वडलांना ती दादा म्हणायची.

“उपरन्याखाली ठरलं ते ठरलं. दादा शब्द फिरवत न्हाईत. तुमाला पन फिरवता येनार न्हाई.”

आमच्या घरात वडील कोर्टात कारकून, आजोबा कोर्टात कारकून. सात पिढ्यांत कुणी शेळीसुद्धा विकलेली नाही. मला हे कुठून कळणार होतं? तरी स्वतःचा इतका संताप आला, की मी गळ्यातली शिटी काढून भिंतीवर मारली. ती फुटली. दुसऱ्या दिवशी माळीवाड्यातून नवी आणावी लागली.

मुलगी मात्र रडून मोकळी झाली आणि कामाला लागली. पंधरा दिवसांत कॅलिपर आले, महिन्यात ती कुबड्या घेऊन व्हरांडाभर चालायला लागली, अडीच महिन्यांत पाचवीच्या वर्गात पहिली आली. वर्गात ती पुढे गेली की मला आनंद व्हायचा आणि लगेच आठवायचं, की हिची एकच सहामाही आहे आणि ती मी ठरवली आहे. मी तिच्यासमोरून मान खाली घालून जायचो.

गणपती उठले आणि आमच्या वसतिगृहाला लागून असलेल्या मळ्यातली विहीर भरली. आज हे वाचून कुणाला काही वाटणार नाही. पण आधीच्या दोन दुष्काळी वर्षांत त्या विहिरीच्या तळाला बादली आपटून ठण्ण वाजायची. आता पाणी इतकं वर आलं होतं, की खाली उतरायच्या पायऱ्यांपैकी नऊच उघड्या राहिल्या होत्या. आमची सगळी मुलं विहीर बघायला गेली. कुबड्यांची, कॅलिपरची खडखडत चाललेली ती मिरवणूक बघून मळ्यातली कुत्री पळून गेली. मळ्याचे मालक सत्तरीचे होते, सगळे त्यांना आबा म्हणायचे. पूर्वी मोटेचं पाणी ज्यात ओतायचे त्या दगडी थारोळ्याच्या काठावर बसून ते मुलांकडे कौतुकानं बघत होते.

मुलं काठावर पोटावर पडून खाली बघत राहिली. हिरवं, गार, नितळ पाणी. कुणीतरी खडा टाकला आणि सगळी त्या वर्तुळांकडे बघत बसली. मग ती मुलगी माझ्याकडे वळून म्हणाली, “मास्तर, पान्यात पाय लागत्यात का?”

मी सातव्या वर्षापासून पोहत होतो, मामाच्या विहिरीत उन्हाळेच्या उन्हाळे काढले होते आणि हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. पाय लागतात का? हात तर लागतात. या मुलांचे हात मला माहीत होते. जन्मभर कुबड्यांवर अंग तोलून, जमिनीवरून सरकून त्यांचे खांदे असे झाले होते, की पंजा लढवताना दहा वर्षांचा पोरगा मला घाम फोडायचा. माझ्या अंगात काहीतरी सळसळलं. मी तिथूनच उठलो आणि जवळजवळ पळत वसतिगृहात गेलो.

आमच्या अधीक्षिका बाई पन्नाशीच्या, शिस्तीच्या आणि चष्म्यावरून बघणाऱ्या. मी दम न घेता बोललो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मला पाणी दिलं. मग अटी घातल्या. प्रत्येक मुलाच्या कमरेला दोर बांधायचा. एका वेळी एकच मूल. त्या स्वतः काठावर बसणार. आणि प्रत्येकाच्या घरून पोस्टकार्डावर परवानगी आलीच पाहिजे. त्या मुलीचं अक्षर सगळ्यांत चांगलं, म्हणून सगळ्यांची पोस्टकार्डं तिलाच लिहायला दिली.

आठवड्याभरात उत्तरं आली. तिच्या वडलांचं उत्तर गावातल्या दुकानदाराच्या हातचं होतं: आंघोळीला आमची काही हरकत नाही. बाईंनी ते वाचलं, आंघोळ आणि पोहणं मुलीच्या वडलांच्या लेखी एकच असावं, असं धरून फाइलला लावून टाकलं. आपल्या घरच्या कार्डावर मुलीनं ‘मास्तर विहिरीवर आंघोळीला नेणार आहेत’ एवढंच लिहिलं होतं, हे आम्हाला फार उशिरा कळलं.

पहिल्या दिवशी आबांनी माळ्यावरून वाळलेले भोपळे काढून दिले. आमच्याकडे विहिरीत पोहायला शिकवायची हीच रीत. आतून पोकळ झालेला वाळका भोपळा शिकणाऱ्याच्या पाठीवर, कमरेपाशी बांधायचा आणि त्याला पाण्यात सोडायचा. भोपळा बुडू देत नाही, मूल हातपाय मारतं आणि आठवड्याभरात शिकतं. मी असाच शिकलो होतो. माझे मामा असेच शिकले होते, आबाही असेच.

पहिली मीच, म्हणून ती हट्टाला पेटली. मी तिचे कॅलिपर सोडवले, तिला पाठुंगळी घेऊन पायऱ्या उतरलो, कमरेला दोर बांधला, त्यावर भोपळा बांधला आणि तिला अलगद पाण्यात सोडली.

तिचे पाय वर आले, भोपळा वर आला, आणि डोकं खाली गेलं.

पाण्यावर फक्त एक भोपळा आणि दोन टाचा दिसत होत्या. क्षणभर मला कळेचना हे काय होतंय. मग मी उडी मारली, तिला कवेत घेऊन उलटी केली, वर आणली. ती खोकली, नाकातोंडातून पाणी आलं, डोळे लाल झाले. माझ्या पाचावर धारण बसली होती. वर बाई उभ्या राहिल्या होत्या आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्यांनी एवढंच सांगितलं, की हे आजच्या आज बंद.

मी तिला घेऊन वर आलो. थरथर कापत होती, पण रडली नाही. मी पंच्यानं तिचं डोकं पुसत राहिलो. घरी ठेवली असती तर या पोरीला तिच्या बापानं उचललं असतं, आणि इथे मी तिला उलटी टांगली, एवढंच मनात येत होतं.

आबा थारोळ्यावरून उठून आले. त्यांनी भोपळा हातात घेतला, मुलीच्या पायांकडे बघितलं, परत भोपळ्याकडे बघितलं.

“मास्तर, गाडी धुरजड झाली तुमची,” ते म्हणाले. “आपल्याला पायाचं वजन असतंय म्हनून भोपळा मागं. हिचं समदं वजन म्होरं हाय. मग भोपळा मागं कशापायी?”

बैलगाडीत माल पुढे जास्त भरला की जू बैलांच्या मानेवर दाबतं, त्याला धुरजड म्हणतात. गावातलं शेंबडं पोर हे जाणतं. पण पाठीवर भोपळा बांधायची रीत इतकी जुनी, की तो तिथेच का बांधतात हा विचार माझ्या तर सोडाच, आबांच्याही मनात तोवर आला नव्हता. निरोगी पाय जड असतात, खाली ओढतात. या मुलांचे पाय पाण्यात आपोआप वर येत होते, आणि आम्ही त्यांच्या कमरेला आणखी भोपळा बांधून त्यांना डोक्यावर उभं करत होतो.

मला राहवेना. बाई नको नको म्हणत असताना मी माझ्याच दोन्ही घोट्यांना एकेक लहान भोपळा बांधला, म्हणजे माझेही पाय या मुलांसारखे हलके होतील. कमरेला मोठा भोपळा बांधला आणि उडी टाकली. व्हायचं तेच झालं. माझे पाय आकाशात आणि डोकं पाण्यात. मी हात मारतोय, गोल फिरतोय, पाणी पितोय. वर आलो तेव्हा काठावर हसण्याचा इतका गदारोळ चालला होता, की विहीर घुमत होती. पंधरा मिनिटांपूर्वी बुडता बुडता वाचलेली ती मुलगी पोट धरून हसत होती.

मग मी कमरेचा भोपळा सोडला, छातीवर काखेतून बांधून घेतला आणि परत उडी मारली. डोकं वर. पाय मागे आपोआप तरंगताहेत. मी नुसते हात मारले आणि सरळ पलीकडच्या भिंतीला जाऊन टेकलो. मी भिंतीवर थापा मारत बाईंना ओरडून सांगत होतो, की बघा, पाय लागत नाहीत. पाय लागतच नाहीत. त्या वेळी मला कुणी राज्य दिलं असतं तर घ्यायला सवड नव्हती.

बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. म्हणाल्या, उद्या आधी मला समजेल असं कागदावर काढून दाखवा. मी काढून दाखवलं. तिसऱ्या दिवशी आम्ही परत पाण्यात होतो.

ते पाच आठवडे माझ्या आयुष्यातले सगळ्यांत आनंदाचे होते, हे मी लग्न होऊन, मुलं-नातवंडं बघून सांगतोय. आमच्या घरच्यांना राग आला तर येवो. रोज शाळा सुटली की मुलं मळ्याकडे निघायची. काठावर कॅलिपर काढून ठेवायची. बावीस मुलांच्या बूट-पट्ट्या आणि कुबड्यांची ओळ लागायची. मग पायऱ्यांवर बसून आपली पाळी यायची वाट बघायची. पाण्यात शिरलं, की जे पोर वर्गात तोंड उघडत नसे तेसुद्धा ओरडायला लागायचं. पाण्यात कुणी पडत नव्हतं. हे मला तेव्हा लक्षात आलं. ही मुलं दिवसभर पडण्याला भीत जगायची, आणि इथे पडायला जागाच नव्हती.

ती मुलगी सगळ्यांच्या पुढे. दुसऱ्या आठवड्यात तिनं छातीचा भोपळा काढायला लावला. तिसऱ्या आठवड्यात दोर काढायला लावला; त्यासाठी तिनं बाईंना तीन दिवस पिडलं. ज्याचा भोपळा सुटेल त्याला आबा गुळाचा खडा द्यायचे. पहिला खडा तिनं खाल्ला नाही, कागदात बांधून ट्रंकेत ठेवला. दादांना दाखवायचाय, म्हणाली. दिवाळी पंधरा दिवसांवर आली होती.

पाण्यातून वर यायचीही तिनं स्वतःची पद्धत काढली. पायऱ्यांकडे पाठ करायची, हात मागच्या पायरीवर टेकायचे, अंग उचलून त्या पायरीवर बसायचं, मग पुढची पायरी. पहिल्यांदा मी तिला उचलायला वाकलो तर तिनं माझ्या हातावर चापट मारली. नऊ पायऱ्या ती अशी बसत बसत चढून जायची आणि वर जाऊन खाली वाट बघणाऱ्यांना वाकुल्या दाखवायची.

मी रोज मनातल्या मनात भाषण तयार करत होतो. वसुबारसेला तिचे वडील येणार, असं कळवलं होतं. मी त्यांना ऑफिसात बसवणार, चहा देणार, गुणपत्रक पुढे ठेवणार, माझी चूक कबूल करणार. वेळ पडली तर पाया पडणार. असं सगळं ठरवलं होतं.

ते दोन दिवस आधीच आले. वसुबारसेला गुरांची पूजा सोडून निघता येणार नाही, हे त्यांच्या नंतर लक्षात आलं होतं. स्टँडवरून टांग्यानं वसतिगृहात आले, शिपायानं विहीर दाखवली आणि ते सरळ मळ्यात आले. मी तेव्हा खालच्या पायरीवर छातीभर पाण्यात उभा होतो. तोवर एका वेळी एकच मूल ही अट कधीच गळून पडली होती. बिनभोपळ्याची पाच मुलं एकदम पाण्यात होती आणि पलीकडच्या भिंतीपर्यंत शर्यत चालली होती.

मी वर बघितलं तर ते कॅलिपरच्या ओळीपाशी उभे होते. एका जोडाला मुलीच्या आईनं पाठवलेला काळा दोरा बांधलेला होता. तो त्यांनी ओळखला. वाकून हात लावला. मग आजूबाजूला बघितलं. काठावर बसलेल्या मुलांत बघितलं, पायऱ्यांवरच्या मुलांत बघितलं. त्यांचा आवाज चिरकला.

“मास्तर, आमची कुठं हाय?”

मी पाण्याकडे हात केला. ते वाकले. पाच काळी ओली डोकी, दहा हात, नुसतं पाणी उडतंय. त्यांनी एकेक डोकं बघितलं. हा माणूस शेकडो जनावरांच्या बाजारात लांबून चाल बघून सांगायचा, की ही गाय अमक्याची. मुलीला त्यांनी अकरा वर्षं खांद्यावर वागवलं होतं. आणि ते मला म्हणाले, “यातली कंची?”

तेवढ्यात पलीकडच्या भिंतीला एक हात टेकला, डोकं वळलं आणि ती ओरडली, “दादा, मी हितं.”

ते चपला काढायचंही विसरून पायऱ्या उतरायला लागले. ती भिंतीला पाय न लावता वळली, कारण पायांत तेवढा जोरच नव्हता, आणि हातांनी पाणी कापत सरळ आमच्याकडे आली. त्यांनी शेवटच्या पायरीवर वाकून दोन्ही हात पुढे केले, तिला काखेत धरून खांद्यावर घ्यायला. रोजची सवय. ती हातभर अंतरावर थांबली.

“न्हाई दादा. तुमी वर व्हा.”

ती वळली, पाठ टेकवली आणि चढायला लागली. ते तिच्या शेजारून, एकेक पायरी, दोन्ही हात तसेच पुढे धरून वर चालले. कुठेही तिला हात लावला नाही. नऊ पायऱ्या झाल्या. ती थारोळ्याच्या दगडावर जाऊन बसली. ते तिच्यासमोर उकिडवे बसले.

“कार्डावर आंगूळ लिवली हुती,” ते म्हणाले.

“आंगूळच झाली की,” ती म्हणाली.

मी ओल्या चड्डीवरच माझं भाषण सुरू केलं. गुणपत्रक, माझी चूक, मॅट्रिक, सगळं एका दमात. त्यांनी हात वर करून मला थांबवलं. रागानं नाही. म्हणाले, मास्तर, सौदा झालाय, आता बोलून काय उपयोग. ते खरंच बोलत होते. त्यांच्या जगात शब्द म्हणजे शब्द होता आणि तो मीच दिला होता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. विहिरीतूनच वर आलो होतो, म्हणून कुणाला कळलं नाही.

मुलीनं बापाच्या खांद्यावरचं उपरणं ओढून घेतलं. आपल्या ओल्या उजव्या हातावर टाकलं आणि हात पुढे धरला.

“सौदा मास्तरांशी झालाय,” ती म्हणाली. “माज्याशी न्हाई.”

आबा थारोळ्यापलीकडून हळूच पुढे सरकले. पाण्यातली मुलं पायऱ्यांशी येऊन थांबली. तिच्या वडलांनी तिच्याकडे बघितलं, उपरण्याकडे बघितलं आणि सावकाश आपला हात खाली घातला. उपरणं हललं. त्यांनी मान हलवली. परत हललं, या खेपेला तिनं मान हलवली. दोघांचे चेहरे असे कोरे, की जणू बाजारात उभे आहेत आणि एकमेकांना ओळखतही नाहीत. माझा जीव नुसता टांगणीला लागला होता. मी उपरण्याच्या चुण्यांवरून बोटं मोजायचा प्रयत्न करत होतो, काही लागत नव्हतं. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा. मग त्यांचा हात थांबला. त्यांनी डोळे मिटले, उघडले.

“झालं,” ते म्हणाले.

मी विचारलं, किती? दोघांनी माझ्याकडे असं बघितलं, की जणू मी काहीतरी अचकटविचकट बोललोय. आबांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की उपरण्याखालचं विचारायचं नसतं. त्या संध्याकाळी ते तिला खांद्यावर घेऊन दिवाळीला घरी गेले. ती खांद्यावरून मागे वळून माझ्याकडे बघून हसत होती, पण ते हसू कसलं, ते मला कळलं नाही. ट्रंकही त्यांनी बरोबर नेली. पुढचे अठरा दिवस मला धड जेवण गेलं नाही. घरी करंज्या-चकल्यांचे डबे भरलेले होते आणि मी शिटी हातात घेऊन अंगणात फेऱ्या मारत होतो.

सुट्टी संपली. पहिल्या दिवशी मी सकाळी सहापासून फाटकात उभा होतो. मुलं येत होती, टांगे येत होते. दहा वाजले, अकरा वाजले. बाई दोनदा येऊन मला आत चला म्हणाल्या. साडेअकराला एक टांगा फाटकापाशी थांबला. आधी तिचे वडील उतरले. मग त्यांनी हात धरून तिला खाली घेतलं, कुबड्या तिच्या काखेत दिल्या आणि बाजूला झाले.

फाटकापासून वसतिगृहाच्या दारापर्यंत शंभर पावलं असतील. तिला पंधरा मिनिटं लागली. मध्ये एकदा ती पडली. ते थांबले, वाकले नाहीत, ती उठेपर्यंत तिथेच उभे राहिले. त्यांच्या उजव्या खांद्यावर ट्रंक होती.